टर्बो बिचारा निर्दोष!

सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण गाडी काही सुरू होत नाही. अशा वेळी समोरचा माणूस सगळ्यात महागड्या पार्टचं नाव घेतो आणि आपण मान डोलावतो. निजामपुऱ्यातल्या गल्लीत, आमच्याच जुन्या टर्बो डिझेल गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालून शिकलेली ही गोष्ट. गाडी चालवणाऱ्यांनी वाचाच, न चालवणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही!

गेल्या पावसाळ्यातली सोमवारची सकाळ. बाबांनी चावी फिरवली. घर्र... घर्र... घर्र... सेल्फ एकदम कडक, इंजिन मस्त फिरतंय, पण पेटायचं नाव नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, पाचव्यांदा तेच. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. ‘धक्का मारू का?’ अशी विचारणा झाली. शेजारच्या काकांनी डिझेल संपलंय का ते विचारलं. काटा अर्ध्यावर होता.

आमची गाडी २००९ सालची. पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा भंगारात द्यायची की ठेवायची, यावर घरात महिनाभर चर्चा झाली होती. आणखी पाच वर्षांसाठी नोंदणी करून घ्यायची, तर २०२२ च्या एप्रिलपासून त्या कामाची फीच ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलेली, वर ग्रीन टॅक्स आणि फिटनेसची दगदग. तरी बाबांनी ती ठेवली. कारण बाबांचं कामच या गाडीवर आहे. ते भिवंडीतल्या कारखान्यांना लूमचे सुटे भाग पुरवतात. धोटे, पिकर, बॉबिन, पट्टे अशी जड खोकी डिकीत टाकायची आणि वंजारपट्टी नाक्यापासून पार शांतीनगरपर्यंत फिरायचं. गाडी उभी म्हणजे फेरी बंद, फेरी बंद म्हणजे वसुली बंद.

दुपारी महामार्गालगतच्या एका गॅरेजमधून एक मुलगा आला. त्याने एकदा सेल्फ मारला, बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि पाच मिनिटांत निकाल दिला, ‘टर्बो गेला. जुनी टर्बो गाडी आहे, होणारच. रिकंडिशन टाकला तरी पंचेचाळीस हजार. टो करायचे वेगळे.’

बाबा ओट्यावर बसले. पंचेचाळीस हजार म्हणजे नेमकी माझ्या पुढच्या कोर्सच्या फीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम. ती बाबांना माहीत होती, मलाही माहीत होती आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो. तेवढ्यात एका ओळखीच्या भंगारवाल्याचा फोन येऊन गेला. गल्लीत बातमी पोहोचायला वेळ लागत नाही.

हा टर्बो असतो तरी काय?

मी मास मीडियाची विद्यार्थिनी. गाडीतलं मला शून्य कळतं. पण एखाद्यावर आरोप झाला की त्याची बाजू ऐकायची, एवढं कॉलेजमध्ये शिकवलंय. म्हणून त्या रात्री टर्बोची बाजू ऐकायला बसले.

इंजिन चालू असताना सायलेन्सरकडे जो गरम धूर जातो, त्याच्या जोरावर टर्बोचं एक चाक फिरतं. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल जाळता येतं, म्हणजे लहान इंजिनातून मोठी ताकद. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनीअरने या कल्पनेचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं होतं. आपल्याकडे १९९८ मध्ये पुण्याची टाटा सफारी आली, २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून महिंद्राची स्कॉर्पिओ आली, २००७ मध्ये स्विफ्टसुद्धा १.३ लिटरचं टर्बो डिझेल इंजिन घेऊन आली. म्हणजे आज गल्लोगल्ली उभ्या असलेल्या जुन्या डिझेल गाड्यांपैकी कितीतरी टर्बोवाल्याच आहेत.

आता गंमत बघा. टर्बो फिरतो धुरावर. सेल्फ मारताना इंजिन मिनिटाला जेमतेम दोनशेच्या आसपास फेरे घेतं आणि अजून काही पेटलेलंच नसतं. धूर नाही, तर टर्बो फिरणार कशावर? म्हणजे त्या क्षणी टर्बो चांगला असो की खराब, त्याचं काम सुरूच झालेलं नसतं. टर्बो खराब असलेली गाडी ओढ कमी देईल, काळा किंवा निळा धूर सोडेल, ऑईल पिईल, शिटी मारेल. पण सहसा ती सुरू होते! हे वाचून मी रात्री साडेअकराला बाबांना उठवलं. ते म्हणाले, ‘सकाळी चाचांना बोलव.’

चाचांची पद्धत

चाचा म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले जुने मेकॅनिक. आता गुडघ्यांमुळे गॅरेज भाच्याकडे दिलंय, पण अडलेली गाडी दिसली की त्यांना राहवत नाही. मंगळवारी सकाळी लुंगी सावरत आले, सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य टाकलं, ‘टर्बोने तेरा क्या बिगाडा है, बेटा?’

मग बॉनेटला हात न लावता ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मला म्हणाले, ‘वही काढ. तू लिहिणारी आहेस ना? एकेक लिही. जे बघितलं ते लिही, जे वाटलं ते नको.’ (आमच्या एडिटिंगच्या सरांना हे वाक्य ऐकवायला हवं.)

डिझेल इंजिनाला पेटायला काय लागतं, ते त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. एक, हवा. दोन, ती हवा दाबून तापवायला चांगलं कॉम्प्रेशन. तीन, नेमक्या वेळी, नेमक्या दाबाने आलेलं डिझेल. पेट्रोलसारखा स्पार्क प्लग यात नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. चौथी गोष्ट नव्या जमान्याची, म्हणजे ईसीएम. आमच्यासारख्या कॉमन रेल गाडीत डिझेल कधी सोडायचं हे हा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. ‘या चारांत काय नाही ते शोधायचं. पार्ट नाही शोधायचा.’

कान, डोळे आणि मग पाना

पहिली तपासणी कानाने झाली. सेल्फ मारल्यावर इंजिनाचा आवाज एकसारखा येतोय का? कॉम्प्रेशन गेलं किंवा टायमिंग बेल्ट तुटला, तर इंजिन हलकं हलकं, सुसाट फिरल्यासारखं वाटतं. आमचा आवाज नेहमीचाच होता. बॅटरीला मल्टिमीटर लावला तेव्हा आकडा आला १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४. तो साडेनऊच्या खाली गेला असता, तर इंजिन फिरलं असतं पण ईसीएम मधेच झोपी गेला असता. म्हणजे बॅटरी पास.

दुसरी तपासणी डॅशबोर्डची. चावी ऑन केल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो का? लागला, म्हणजे ईसीएमला करंट मिळतोय. चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहतो का? तसं असेल तर गाडी चावी ओळखत नाहीये. मग सेल्फ कितीही मारा, डिझेल सुटणार नाही, आधी दुसरी चावी लावून बघायची. आमचा दिवा दोन सेकंदांत विझला. पास.

तिसरी तपासणी मला सगळ्यात आवडली. चाचांनी मला गाडीमागे उभं केलं आणि सेल्फ मारला. ‘धूर आला?’ नाही. ‘वास?’ नाही. हे महत्त्वाचं निघालं. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढुरका, डिझेलचा वास असलेला धूर आला, तर डिझेल आत पोहोचतंय पण पेटत नाहीये, असं समजायचं. मग हीटर प्लग, कॉम्प्रेशन, टायमिंग बघायचं. धूरच नाही, तर डिझेल आत जातच नाहीये. एका फुकटच्या तपासणीत अर्धे संशयित सुटले.

चौथी, डिझेलची वाट. टाकीतून फिल्टर, फिल्टरमधून हाय प्रेशर पंप, तिथून रेल नावाची जाड नळी आणि मग नोझल. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून ‘झूंऽऽ’ असा दोन सेकंद आवाज आला, म्हणजे टाकीतला पंप चालू. (हा पंप सगळ्या गाड्यांत नसतो.) फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून डिझेल काचेच्या ग्लासात घेतलं. तळाशी चमचाभर पाणी दिसलं. मी ओरडलेच, ‘सापडलं!’ चाचा हसले. पाणी काढलं, हातपंपाने डिझेल भरलं, सेल्फ मारला. घर्र... घर्र... काही नाही.

‘हे पण दुखणं होतं. पण हे दुखणं ते नव्हतं,’ चाचा म्हणाले. मी वहीत लिहून घेतलं.

काटा हललाच नाही

पाचव्या वेळी त्यांनी मला विचारलं, ‘सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघ.’ मी बघितलं. काटा शून्यावर चिकटलेला. इंजिन फिरतंय हे आम्हाला दिसत होतं, पण गाडीला ते माहीतच नव्हतं!

इथे बाबा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, ‘अरे, हे तर लूमसारखं झालं.’ साध्या पॉवरलूमवर बान्याचा धागा तुटला की वेफ्ट फोर्कला तो लागत नाही आणि लूम आपोआप थांबतो. मोटार चांगली, पट्टा चांगला, पण धागा ‘दिसला’ नाही म्हणून सगळं बंद. नवखा माणूस मोटार उघडतो, जॉबर आधी धागा बघतो.

गाडीत हे काम क्रँक सेन्सर करतो. इंजिनाच्या मुख्य दांड्याबरोबर एक दातेरी चकती फिरते, सेन्सर ते दात मोजतो आणि ईसीएमला कळवतो की इंजिन फिरतंय, अमुक पिस्टन अमुक जागी आहे. हा निरोप आला नाही, तर डिझेल कधी सोडायचं ते ईसीएमला कळत नाही आणि तो सोडतच नाही. काही गाड्या दुसऱ्या सेन्सरच्या भरवशावर उशिराने का होईना सुरू होतात. आमची त्यातली नव्हती.

चाचांच्या भाच्याने स्कॅनर आणला. लाइव्ह डेटा उघडून सेल्फ मारला. इंजिनचा वेग शून्य. रेलचं प्रेशर मात्र २०० बारच्या वर चढत होतं. आपल्या टायरमध्ये असते ती हवा साधारण दोन बारची, म्हणजे हे तिच्या शंभरपट. थोडक्यात पंप ठणठणीत. आणि कोड आला पी ०३३५, क्रँक सेन्सर सर्किट.

आता सांगायला थोडी लाज वाटते, पण मी लगेच मोबाइल काढला. ऑनलाइन सेन्सर १,८०० रुपयांना होता, उद्या डिलिव्हरी. बोट ‘बाय’च्या बटणावर. चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘तू पण त्या गॅरेजवाल्या पोरासारखीच निघालीस.’

कारण कोड म्हणत होता ‘सर्किट’. सर्किटमध्ये सेन्सर येतो, त्याचा सॉकेट येतो, दोन-तीन वायरी येतात आणि पलीकडे ईसीएम येतो. स्कॅनर कुठल्या गल्लीत जायचं ते सांगतो, कुठल्या घरात ते नाही. आमच्या भाषेत सांगायचं, तर कोड म्हणजे टीप, ती बातमी नव्हे. टीप आली की आधी पडताळायची.

भाचा गाडीखाली गेला. सेन्सरचा सॉकेट काढला, मीटर लावला, सेन्सर चांगला. मग सॉकेटपासून ईसीएमपर्यंत एकेक वायर बझरवर तपासली. पहिली वायर, टीं. दुसरी वायर... शांतता. पुन्हा लावलं. शांतता.

वायरिंगचं काळं आवरण सोलत सोलत तो गिअरबॉक्सच्या वर पोहोचला आणि हसायलाच लागला. तिथे सुताच्या गुंत्याचं एक छोटं, ऊबदार घरटं होतं. बाबांच्या खोक्यांना चिकटून आलेलं सूतच ते! पावसात उंदीरमामांनी गरम इंजिनावर मुक्काम ठोकला होता आणि जाता जाता एक वायर कुरतडून ठेवली होती. तांब्याच्या दोन-चार तारा तेवढ्या लोंबत होत्या. रविवारी रात्री त्यांनीही साथ सोडली असणार.

सोल्डरिंग, वर स्लीव्ह, वर टेप, वर नवीन आवरण. वीस मिनिटं. चाचांनी बाबांना चावी दिली, ‘लगाव, भाऊ.’ बाबांनी सेल्फ मारला. काटा थरथरला, वर उठला आणि गाडी धडाडली. मागून पांढरा धूर आला आणि विरला. गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. बिल झालं चारशे रुपये, त्यात भाच्याची मजुरी धरून. चाचांनी स्वतःसाठी चहा मागितला.

मग चूक कोणाची?

त्या गॅरेजच्या मुलाने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. कदाचित त्याला खरंच तसं वाटलं असेल. ‘जुनी गाडी, टर्बो आहे, म्हणजे टर्बोच गेला’ हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की आम्हीही एक रात्र त्यावर विश्वास ठेवला होता. पंचेचाळीस हजारांचा टर्बो बसवूनही गाडी सुरू झाली नसती. मग कोणीतरी पंप म्हणालं असतं, मग नोझल, मग ईसीएम. जुन्या गाड्या भंगारात जातात त्या दर वेळी म्हाताऱ्या झाल्या म्हणून जातात असं नाही. कधीकधी अंदाजाने बदललेल्या पार्ट्सचा खर्च गाडीच्या किमतीच्या पुढे जातो, म्हणूनही जातात.

टर्बो अमर असतो, असंही नाही. तो मिनिटाला लाखभर फेऱ्यांपर्यंत जातो आणि त्याचा सगळा भरवसा ऑईलवर असतो. ऑईल वेळेवर बदला, लांबून जोरात चालवून आलात तर इंजिन अर्धा-एक मिनिट तसंच चालू ठेवून मग बंद करा. पण सुरूच न होणाऱ्या गाडीत त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जा, पहिल्यांदा नाही.

आणि तुमच्या घरी जुनी पेट्रोल टर्बो असेल तर? पद्धत तीच, फक्त यादीत स्पार्क वाढवा. सेल्फ मारून मारून पेट्रोलचा वास यायला लागला, तर पेट्रोल पोहोचतंय, मग प्लग आणि कॉइल बघा. वासच नाही, तर पंप, त्याचा रिले आणि फ्यूज बघा. क्रँक सेन्सर तिथेही असतोच.

बुधवारी बाबा पुन्हा फेरीला गेले. संध्याकाळी एका कारखान्यातला किस्सा सांगत होते. लूम बंद पडला म्हणून मालकाने त्यांच्याकडे नवीन पिकर मागितला. बाबांनी खोकं उघडायच्या आधी विचारलं, ‘जॉबरने बघितलं का?’ नव्हतं बघितलं. पिकर विकला गेला नाही. ‘एक गिऱ्हाईक कमी झालं,’ आई म्हणाली. बाबा म्हणाले, ‘नाही. उद्या तोच माणूस विचारून माल घेईल.’

माझी फी भरली. डिकीत आता सूत उरत नाही, दर रविवारी मी झाडते. आणि गाडी लावल्यावर रात्री बॉनेटवर दोनदा थाप मारायची सवय बाबांना लागली आहे. उंदीरमामांना निरोप म्हणून.

सेल्फ फिरतो, गाडी सुरू होत नाही? आधी एवढं बघा

● गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मधे अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फ आणि बॅटरी दोन्ही जातील.

● सेल्फ जड फिरतोय का? आधी बॅटरी आणि तिची टर्मिनल्स बघा.

● इंजिनाचा दिवा चावी ऑन केल्यावर लागतच नसेल, तर फ्यूज आणि मेन रिले बघा. चावीचा दिवा लुकलुकत असेल, तर दुसरी चावी लावून बघा.

● डिझेल गाडीत मागे कोणाला तरी उभं करा. धूर आला तर डिझेल पोहोचतंय, नाही आला तर नाही.

● आरपीएमचा काटा सेल्फ मारताना थरथरतो का? बऱ्याच गाड्यांत थरथरतो. तुमच्या गाडीत एरवी थरथरत असेल आणि आज नसेल, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर.

● पावसाळ्यात डिझेल फिल्टरमधलं पाणी काढून घ्या. नळीत हवा शिरली असेल तर हातपंपाने डिझेल भरा.

● गाडी पाण्यात बुडून बंद पडली असेल, तर सेल्फ अजिबात मारू नका. इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. थेट मेकॅनिकला बोलवा.

● कॉमन रेल गाडीत हाय प्रेशरची नळी सैल करून सेल्फ मारणं जिवावर बेतू शकतं, डिझेलचा फवारा कातडीच्या आत शिरतो. हीटर प्लग असलेल्या गाडीत इथरचा स्टार्टर स्प्रे मारू नका, भडका उडतो.

● मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा, ‘हा पार्ट खराब आहे, हे कशावरून ठरवलं?’ उत्तर ‘अनुभवावरून’ असं आलं, तर अजून एकाला दाखवा.